उत्तरेच्या लहान तळ्यातली मासेमारी: आधी तळं वाचा, मग गळ टाका

मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी 11,842 तळी आहेत. त्यांतली बरीचशी इतकी लहान की नकाशावर शोधावी लागतात. हा लेख अशाच एखाद्या तळ्यासाठी आहे: राज्याच्या उत्तर भागातलं, शंभर-दीडशे एकरांचं, पाइन आणि बर्चच्या झाडांनी वेढलेलं, ज्यात वॉलाय, नॉर्दर्न पाइक, यलो पर्च, ब्लूगिल, क्रॅपी आणि थोडे बास असतात. विस्कॉन्सिन, मिशिगनचा वरचा भाग किंवा ओंटारियोत राहत असाल तर माशांबद्दलचं जवळपास सगळं तुम्हालाही लागू पडेल. कायदे मात्र तुमच्याकडचे बघा.

मासे खाणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला इथे आल्यावर एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी लागते. कोकणातल्या खाडीत भरतीबरोबर समुद्रातून नवा मासा आत येतो. या तळ्यात बाहेरून फारसं काही येत नाही. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचे प्रचंड तुकडे जमिनीत गाडले जाऊन वितळले आणि त्यांच्या जागी खळगे राहिले. त्यांतच पाणी साठून यांतली असंख्य तळी बनली. बऱ्याच तळ्यांना एखादा ओढा असतो, काहींना तोही नसतो. शिवाय पाणी वर्षातले पाच-सहा महिने गोठलेलं. मासा वाढतो तो मुख्यतः उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत. आठ इंचांचा ब्लूगिल हातात येतो तेव्हा तो बहुधा सात-आठ वर्षांचा असतो. त्याच्या खवल्यावरची किंवा डोक्यातल्या खड्यावरची वर्तुळं मोजून हे वय काढता येतं. घोळ-ढोम्याच्या डोक्यातला पांढरा खडा आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो, तोच हा.

म्हणून माझं सगळं सांगणं एका मुद्द्याभोवती आहे. अशा तळ्याचं पुढचं दशक किती मासे पकडले यापेक्षा कोणते मासे घरी नेले यावर जास्त ठरतं.

तळ्याचा अहवाल काढा

राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं (इथे सगळे डीएनआर म्हणतात) लेकफाइंडर नावाचं पान आहे. तळ्याचं नाव आणि काउंटी टाकली की खोलीचा नकाशा, पाण्याची पारदर्शकता, कोणते मासे कधी सोडले याची नोंद आणि सर्वेक्षणाचा तक्ता मिळतो. सगळं फुकट. तळ्यावर जायच्या आदल्या रात्री अर्धा तास यात घालवला तर दुसऱ्या दिवशीचे कित्येक तास वाचतात.

तक्ता वाचायचा कसा? खात्याचे लोक दोन प्रकारची जाळी रात्रभर लावतात. गिल नेट खोल पाण्यात: 250 फूट लांब, वेगवेगळ्या आकाराच्या भोकांच्या पाच पट्ट्यांचं, म्हणजे लहानमोठे सगळेच अडकावेत. ट्रॅप नेट काठाजवळ: त्यात ब्लूगिल आणि क्रॅपी येतात. मग प्रत्येक जातीपुढे ‘एका जाळ्यात सरासरी किती’ हा आकडा येतो आणि शेजारी त्याच प्रकारच्या तळ्यांचा नेहमीचा पट्टा दिलेला असतो. तुलना या पट्ट्याशी करायची, दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध तळ्याशी नाही.

समजा, तुमच्या तळ्याच्या तक्त्यात पाइक जाळ्यामागे 14 आहेत, पट्टा 3 ते 10 चा आहे आणि सरासरी वजन दीड पौंड. पर्च पट्ट्याच्या खाली आहेत. वॉलाय जेमतेम दोन. याचा अर्थ तळ्यात काठीएवढ्या बारीक पाइकांची गर्दी झाली आहे, त्यांनी पर्च खाऊन संपवत आणले आहेत आणि आता त्यांनाच पोटभर मिळत नाही. अशा तळ्यावर वॉलायच्या मागे दिवस घालवण्यात अर्थ नाही. लहान पाइक धरा आणि न्या. तिथे तेच तळ्याच्याही फायद्याचं आहे.

सरासरी वजनाचा रकाना बहुतेक जण बघतच नाहीत. संख्या भरपूर आणि वजन कमी असेल तर मासे खुरटलेले आहेत. संख्या कमी आणि वजन चांगलं असेल तर तळं मोजक्या मोठ्या माशांचं आहे, तिथे जपून. लांबीनुसार वर्गवारीचा तक्ता असेल तर आणखी चांगलं. त्यात मधल्या एक-दोन वयोगटांची जागा रिकामी दिसली तर त्या वर्षांची वीण फसली होती असं धरायला हरकत नाही.

एक सावधगिरी. बास या जाळ्यांत फारसा सापडत नाही. त्याची मोजणी वसंतात रात्री, पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडून करतात. त्यामुळे गिल नेटच्या रकान्यात बास शून्य दिसला म्हणून तो तळ्यात नाही असं समजू नका.

तळ्यातले एकूण मासे कसे मोजतात हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. शंभर वॉलाय धरले, पराचं टोक कापून खूण केली आणि सोडून दिले. ते तळ्यात मिसळल्यावर पुन्हा 80 धरले, त्यांत खुणेचे 10 निघाले. म्हणजे आठांत एक खुणेचा, म्हणून एकूण अंदाजे 800. हे काम परवानगीशिवाय आपण करायचं नाही, पण आकड्यामागचा हिशोब कळला की अहवालावर विश्वास किती ठेवायचा तेही कळतं.

पाण्याचे थर समजून घ्या

पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला. या तळ्यांचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर चालतं. वसंतात बर्फ गेला की वरपासून खालपर्यंत पाणी एकाच तापमानाचं होतं, वारा ते ढवळतो आणि प्राणवायू तळापर्यंत पोचतो. मग ऊन वाढतं, वरचं पाणी तापून हलकं होतं आणि थंड पाण्यावर तरंगत राहतं. जुलैत वरचा थर 22 ते 25 अंशांचा, खालचा त्याच्या निम्म्याहून कमी, आणि मध्ये काही फुटांचा पट्टा जिथे तापमान झपाट्याने उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. लहान तळ्यांत तो साधारण 15 ते 25 फुटांवर सापडतो.

खालच्या थराला वरून हवा मिळत नाही. वरून पडलेलं शेवाळ आणि पालापाचोळा कुजताना तिथला प्राणवायू संपतो. पाणी हिरवट असलेल्या तळ्यात ऑगस्टपर्यंत तळ जवळपास निर्जीव होतो. नवशिका माणूस मात्र ‘उन्हाळ्यात मासा खोल जातो’ असं ऐकून चाळीस फुटांवर गळ सोडून बसतो. तिथे मासा नसतोच. उन्हाळ्यात गळ थर्मोक्लाइनच्या वर किंवा जेमतेम त्यावर ठेवा. फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) असेल तर पडद्यावर हा पट्टा अंधूक रेघेसारखा दिसतो. नसेल तर तंगुसाला थर्मामीटर बांधून पाच-पाच फुटांवर थांबत खाली सोडा. तोही चालतो.

स्वच्छ आणि खोल तळ्यांत खालीही प्राणवायू टिकतो. तिथे टुलिबी नावाचा रुपेरी मासा राहतो. थंड आणि प्राणवायूयुक्त, दोन्ही प्रकारचं पाणी त्याला एकाच जागी लागतं. मोठ्या पाइकांचं आणि वॉलायचं हे उत्तम खाद्य. ज्या तळ्यात टुलिबी आहे तिथे पाइक धिप्पाड होतात. उन्हाळा लांबला आणि शेतांतून, लॉनवरून खत वाहून आलं की टुलिबीला जगायला उरलेला थर वरून आणि खालून आक्रसत जातो आणि एखाद्या कडक ऑगस्टमध्ये ते मरून काठाला लागतात. काठावर घर असणाऱ्यांनी लॉनला खत घालणं थांबवलं आणि पाण्याच्या कडेला झुडपांचा पट्टा राखला तर त्याचा उपयोग होतो, हे मी ठामपणे सांगेन.

शरदात थर पुन्हा मिसळतात. त्या दिवसांत पाण्याला कुजका वास येतो, हिरवे कण तरंगतात आणि मासे पांगलेले असतात. तो आठवडा सोडून द्या.

हिवाळ्यात धोका उथळ तळ्यांना. बर्फावर जाड हिम साचलं की उजेड खाली जात नाही, पाणवनस्पती मरतात, कुजतात आणि प्राणवायू खातात. आधी ब्लूगिल आणि बास मरतात. पर्च आणि पाइक जास्त तग धरतात. बुलहेड सर्वांत चिवट. वसंतात एखाद्या तळ्यात फक्त बुलहेड लागत असतील तर मागच्या हिवाळ्यात काय झालं असेल त्याचा अंदाज बांधता येतो.

विणीचं वेळापत्रक

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. इथेही वॉलाय आणि पाइक फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत बंद असतात आणि कारण तेच, वीण. मेमधला हंगाम खुला होण्याचा शनिवार इथे सणासारखा साजरा होतो.

विणीची घंटा तारखेपेक्षा पाण्याच्या तापमानावर वाजते. बर्फ सुटताच पाइक पूर आलेल्या गवतात आणि उथळ लव्हाळ्यांत शिरतात, पाणी 4 ते 10 अंश असताना. त्यामागून वॉलाय, 6 ते 10 अंशांना, खडीच्या आणि गोट्यांच्या काठावर रात्री अंडी टाकून निघून जातात. पिल्लांची राखण वगैरे काही नाही. त्याच सुमारास पर्चची अंडी लांब, चुण्या पडलेल्या चिकट पट्ट्यांच्या रूपात बुडालेल्या फांद्यांवर लोंबताना दिसतात. बासचा नर 15 अंशांपुढे घरटं करून राखण करतो.

ब्लूगिलची वीण मात्र स्वतः बघावी अशी आहे. जूनमध्ये पाणी 20 अंशांच्या आसपास गेलं की पोलराइज्ड चष्मा लावून शांत सकाळी धक्क्यावर उभे राहा. दोन-तीन फूट पाण्यात वाळूवर परातीएवढे गोल खळगे एकमेकांना चिकटून दिसतील. प्रत्येक खळग्यावर एक नर शेपटीने गाळ झटकत, अंड्यांना वारा घालत घिरट्या घालत असतो. जवळ आलेल्या प्रत्येकाच्या अंगावर धावून जातो. गळ दिसला तरी धावतो आणि म्हणूनच त्या दिवसांत त्याला पकडणं अगदी सोपं असतं. पुढे ज्याबद्दल लिहिलं आहे ते नुकसान नेमकं इथे सुरू होतं.

काठावरचे बोरू आणि पाणगवत ‘पोहायला अडचण’ म्हणून उपटून टाकू नका. पिल्लं तिथेच वाढतात. बोरू काढायला तर खात्याचा परवाना लागतो.

परवाना आणि नियम

16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो आणि तो 1 मार्च ते फेब्रुवारीअखेर चालतो. निवासी दराचा परवाना मिळायला राज्यात किमान 60 दिवस राहिलेलं असावं लागतं. भारतातून आई-बाबा आले असतील आणि बाबांनाही गळ टाकून बसायचं असेल तर त्यांच्यासाठी अनिवासी परवाना काढा. तो 24 तास, 72 तास किंवा 7 दिवसांचाही मिळतो. ‘ते नुसते बसलेत’ हे कारण काठी हातात असताना चालत नाही.

खुल्या पाण्यात माणशी एकच गळ. मर्यादा दरवर्षी बदलू शकतात आणि काही तळ्यांना स्वतःचे नियम असतात. ते नियमपुस्तिकेत आणि बोटीच्या उतारावरच्या पाटीवर असतात, दोन्ही बघा. ओजिब्वे या इथल्या मूळनिवासी लोकांच्या आरक्षित प्रदेशातल्या पाण्यावर त्या त्या राष्ट्राचे नियम चालतात, तिथे आधी विचारल्याशिवाय जायचं नाही.

आपल्या लोकांना दोन नियम माहीत नसतात. पहिला: मर्यादा म्हणजे तुमच्याकडे असलेले एकूण मासे आणि त्यात घरच्या फ्रीझरमधलेही धरले जातात. काल नेलेले संपले नसतील तर आज नव्याने पूर्ण मर्यादा मिळत नाही. दुसरा: ज्या माशाला लांबीचा नियम आहे तो डोकं, शेपटी, पर आणि कातडीसकट अख्खा घरी न्यावा लागतो. काठावर बसून तुकड्या करायची सवय असेल तर ती इथे अडचणीत आणते.

सामान आणि जागा

साडेसहा फुटांचा मीडियम-लाइट रॉड, साधं स्पिनिंग रीळ आणि 6 ते 8 पौंडी तंगूस एवढ्यावर या तळ्यातलं नव्वद टक्के काम होतं. पाइकचे दात तंगूस सहज तोडतात, त्याच्यासाठी पुढे तारेचा लीडर लावा. ब्लूगिल आणि पर्चला 8 नंबरचा बारीक गळ, त्याला गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि वर लहान बॉबर, म्हणजे तरंगता गोळा. अख्खं गांडूळ लावलं की मासा टोक कुरतडून निघून जातो. वॉलायला एक अष्टमांश औंसाचा जिग (डोक्याला वजन असलेला गळ) आणि त्याला मिनो नावाचा बारीक मासा किंवा जळू. जळू मागच्या जाड टोकाच्या चोषकापाशी टोचली की पाण्यात छान वळवळते.

शिशाचं वजन घेऊ नका. लून हा इथला राज्यपक्षी खाल्लेलं दळायला तळाचे खडे गिळतो आणि खड्यांबरोबर पडलेलं शिसंही गिळतो. वजन घेऊन तुटलेला मासा खाऊनही ते त्याच्या पोटात जातं. एका बारीक शिशाने पूर्ण वाढलेला लून मरू शकतो. कथील, टंगस्टन, पोलाद यांची वजनं दुकानात मिळतात.

जागा शोधताना खोलीच्या नकाशावर दोन गोष्टी बघा: पाणवनस्पती जिथे संपतात ती बाहेरची कड आणि जिथे रेषा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या आहेत तो उतार. जुलैत ब्लूगिल या वनस्पतींच्या कडेला 8 ते 12 फुटांवर असतात, पाइक त्यांच्याच आडोशाला दबा धरून. पर्च वाळूच्या सपाट भागावर थव्याने फिरतात. वॉलायच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो, म्हणून त्याला अंधूक उजेडात भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. सूर्य मावळताना आणि उगवताना खडकाळ टोकावर जा. दुपारी जायचंच असेल तर वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ धरा. लाटांनी उजेड तुटतो आणि पाणी गढुळतं, तेव्हा वॉलाय दिवसाही उथळ येतो. नवखे लोक आडोशाच्या शांत बाजूला बसतात कारण ते सुखाचं असतं, पण मासे बहुतेक वेळा समोरच्या बाजूला असतात.

कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा

ब्लूगिलपासून सुरू करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान त्याचंच होतं आणि तो ‘लहान मासा’ म्हणून कोणाला वाईटही वाटत नाही.

घरट्यांच्या वसाहतीतले मोठे नर घरटी राखतात. ते आजूबाजूला आहेत तोवर तरुण नर विणीच्या भानगडीत न पडता वाढत राहतात, कारण मोठ्यांपुढे त्यांचं काही चालणार नसतं. मोठे नर काढून नेले की तरुणांना मैदान मोकळं मिळतं. ते लहान वयातच परिपक्व होतात, सगळी ताकद वाढीऐवजी विणीत जाते आणि पाच इंचांवर त्यांची वाढ थबकते. तळ्यात ब्लूगिल हजारोंनी असतात, पण तळव्याएवढा एकही मिळत नाही. ही घसरण काही वर्षांत होते, भरून यायला मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ जातो. नुसते लहान मासे काढून ती उलटवता येत नाही.

म्हणून नियम असा ठेवा: जूनमध्ये घरट्यांवरून मोठे ब्लूगिल नेऊ नका. आठ इंचांच्या वरचे, विशेषतः नारिंगी छातीचे आणि गडद रंगाचे नर, कधीही सोडून द्या. सहा ते साडेसात इंचांचे न्या, तेही जेवणापुरते. राज्याची सर्वसाधारण मर्यादा 20 आहे, पण लहान तळ्यावर चार जणांच्या कुटुंबाने प्रत्येकी वीस नेले तर तळ्याला ते जाणवतं. खात्यानेच निवडक तळ्यांवर ही मर्यादा 5 किंवा 10 वर आणली आहे, आणि मला ते बरोबर वाटतं.

पाइकचं गणित वेगळं आहे. 2018 पासून राज्याचे पाइकसाठी तीन विभाग केले आहेत. मोठ्या मधल्या-उत्तरेच्या विभागात 10 पाइक ठेवता येतात, पण 22 ते 26 इंचांमधले सगळे सोडावे लागतात आणि 26 इंचांवरचे दोनहून जास्त चालत नाहीत. म्हणजे बारीक पाइक न्या, मधल्यांना मोठं होऊ द्या. या नियमाचा फायदा घेणारे मात्र थोडे, कारण लहान पाइकला इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचे काटे असतात आणि लोक ते बघूनच कंटाळतात. पाला मासा खाणाऱ्या माणसाला काट्यांचं भय वाटायचं कारण नाही. आपल्या लोकांनी या तळ्यांवर सगळ्यात उपयोगी पडेल असं काही करायचं तर वीस इंची पाइक आवडीने खायला सुरुवात करावी.

वॉलायसाठी अहवालातली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडल्याची नोंद बघा. बऱ्याच लहान तळ्यांत खडीचा काठ नसल्याने तो स्वतः वीण यशस्वी करत नाही आणि खातं दर एक-दोन वर्षांनी शरदात बोटुकली सोडतं. तिथे 14 ते 17 इंचांचे निःशंक न्या, ते त्यासाठीच सोडलेले असतात. जिथे नैसर्गिक वीण आहे तिथे 20 इंचांवरच्या माद्या परत पाण्यात जाऊ द्या. क्रॅपीत एखादं वर्ष वीण जबरदस्त साधते आणि मग काही वर्षं त्याच एका पिढीवर मासेमारी चालते. ती पिढी एका हिवाळ्यात संपवू नका. पर्चबद्दल फार सांगण्यासारखं नाही, नऊ इंचांचे मिळाले तर नशीब समजा.

सोडायचा तर जगेल असा सोडा

हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी लागते. मोठा मासा उभा टांगू नका, पोटाखाली हात द्या. डोळ्यांत किंवा कल्ल्यांत बोटं घालू नका. गळाची नांगी, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, आधीच पकडीने चेपून ठेवली तर काढायला क्षणभर लागतो. मासा गळ गिळून बसला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापा.

तीस फुटांहून खोल पाण्यातून वर आलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो परत खाली जाऊ शकत नाही. तशा खोलीवर ‘पकडा आणि सोडा’ करणं म्हणजे मासे मारणंच. तिथे जेवणापुरते मिळाले की थांबा. तसंच कडक उन्हाळ्यात, पाणी तापलेलं असताना सोडलेले वॉलाय आणि पाइक जास्त मरतात.

नोंदवही

खात्याचं सर्वेक्षण लहान तळ्यावर अनेक वर्षांतून एकदा होतं. मधली वर्षं कोण बघणार? दरवर्षी त्याच तळ्यावर जाणारा माणूस. नोंदीत तारीख, पाण्याचं तापमान, किती तास गळ पाण्यात होता आणि प्रत्येक माशाची लांबी लिहा. सोडलेल्यांचीही. तास लिहिणं सर्वांत महत्त्वाचं. दहा ब्लूगिल दोन तासांत मिळाले की आठ तासांत, यातला फरक वहीशिवाय आठवत नाही. काही वर्षांनी सात इंचांवरच्या ब्लूगिलचा वाटा काढा. तासामागची संख्या तेवढीच राहून हा वाटा घसरत असेल तर मोठे नर कमी होत आहेत. अशी वही घेऊन विभागीय मत्स्य कार्यालयात गेलात तर तिथले जीवशास्त्रज्ञ आस्थेने बघतात.

बर्फावरून

चालायला किमान 4 इंच पक्का, स्वच्छ निळसर बर्फ हवा. पांढरा, हिममिश्रित बर्फ निम्म्याच ताकदीचा, तिथे जाडी दुप्पट धरा. ओढ्याच्या तोंडाशी, झऱ्यांवर आणि बोरूच्या भोवती बर्फ नेहमी पातळ असतो. लोखंडी पहार घेऊन पुढे ठोकत जा, गळ्यात बर्फात रुतवायचे टोचे ठेवा आणि एकट्याने जाऊ नका. बर्फातून दोन गळ टाकायची मुभा आहे. हिवाळ्यात क्रॅपी आणि ब्लूगिल एखाद्या खोल डोहात गोळा होतात आणि फिश फाइंडरवर सगळा थवा दिसतो. वर सांगितलेलं ‘कोणता ठेवायचा’ याचं खरं पालन इथेच कठीण जातं.

खाण्याआधी

या माशांत पारा असतो. तो हवेतून पाण्यात येतो आणि लहान माशाकडून मोठ्याकडे साठत जातो. तळून, शिजवून किंवा कातडी काढून तो जात नाही. म्हणून गरोदर बायकांसाठी आणि मुलांसाठी ब्लूगिल, क्रॅपी, पर्च निवडा, मोठे वॉलाय आणि पाइक नको. राज्याच्या आरोग्य खात्याचं तळ्यानुसार मार्गदर्शन आहे, ते बघा. म्हणजे जे मासे तळ्यासाठी सोडायचे तेच आपल्या ताटासाठीही टाळायचे, हे बरं जुळून येतं.

मांसात किंवा कातडीवर काळे ठिपके दिसले तर ते गोगलगायीतून आलेल्या परजीवीचे असतात, नीट शिजवल्यावर अपाय नाही. मासा धरल्या धरल्या बर्फात घाला. गोड्या पाण्याच्या माशाला थोडा मातकट वास असतो, हळद-मीठ आणि कोकमाच्या आगळात अर्धा तास ठेवला की जातो. वॉलाय रव्यात तळा. पाइकला बारीक अंतरावर आडव्या चिरा द्या, म्हणजे काटे तुटून कढत तेलात कुरकुरीत होतात.

निघताना

बोटीच्या तळाचं बूच काढून सगळं पाणी इथेच सांडून जा आणि रस्त्यावर बूच काढलेलंच ठेवा, तसा कायदा आहे. ट्रेलर, नांगर, दोर यांना लागलेली एकूण एक वनस्पती हाताने काढा. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ती उरलेल्या ओलीतून दुसऱ्या तळ्यात जातात. दुसरीकडे जायचं असेल तर बोट किमान पाच दिवस उन्हात कोरडी होऊ द्या किंवा कडकडीत पाण्याने धुवा.

उरलेले मिनो तळ्यात सोडायचे नाहीत, कचऱ्यात टाकायचे. गांडुळंही. शेतीच्या घरातून आलेल्याला हे पटायला वेळ लागतो, पण हिमनद्यांनी खरवडलेल्या या उत्तरेच्या जंगलांत मूळची गांडुळंच नाहीत. गळाच्या डब्यातून सांडलेली परकी गांडुळं जमिनीवरचा पाचोळ्याचा जाड थर खाऊन संपवतात आणि त्या थरात रुजणारी रोपं उगवत नाहीत. डब्याचं झाकण घट्ट लावा आणि घरच्या कचऱ्यात टाका.